मुंबईत एमटीबी (माउंटन बाइक) सोडून रोड बाइक (बारीक टायरची, वाकड्या हँडलची) घेतली तर इथल्या रस्त्यांवर टिकेल का? सवय व्हायला किती दिवस लागतात?

टिकते. माझी पाच वर्षं टिकली आहे. टिकलं नाही ते माझं डावं मनगट, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी हे उत्तर लिहायला बसले आहे. कारण 'टिकेल का' हे आमच्या धाकट्या भावजींचं वाक्य आहे आणि ते वाचलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी मुलुंडला राहते. पहिली सायकल भावजींनीच दुकानात येऊन निवडून दिली होती. 26 इंची चाकं, पुढे शॉकअप, दोन इंची खडबडीत टायर, वजन 15 किलो. "वहिनी, मुंबईत हीच." तीन वर्षं मी ती चालवली. येऊरला गेले, नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत गेले, रोज पहाटे तासभर चालवली. तक्रार काहीच नव्हती, कारण शेजारून दुसरं कोणी चालवत नव्हतं.

मग एका जानेवारीत सात जणांबरोबर कसाऱ्याला निघाले. सातही रोड बाइकवाले. माजिवड्यापर्यंत सिग्नल होते म्हणून आम्ही एकत्र होतो. खारेगावची खाडी ओलांडली आणि माणकोलीच्या पुढे त्यांचे मागचे लाल दिवे ठिपक्याएवढे झाले, मग दिसेनासेच झाले. गुळगुळीत डांबरावर माझे टायर इतके घोंघावत होते की मागून टेम्पो येतोय असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं. प्रत्येक पायडलला पुढचा शॉकअप खाली-वर. माझी निम्मी ताकद त्या स्प्रिंगला व्यायाम घडवण्यात चालली होती. पडघा, वासिंद, आसनगाव, सगळं एकटीने. शहापूरला पोचले तेव्हा त्यांची मिसळ होऊन दुसरा चहा चालू होता. माझ्यासाठी थांबले होते बिचारे, पण तो 'थांबले होते'चा चेहरा मला सहन होत नाही.

कसाऱ्याहून परत लोकलने आले. मालडब्यात सायकल चढवताना भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या एका बाईंनी मागून हात लावला आणि म्हणाल्या, "बाई, सायकल हाये का म्हस?"

त्याच रात्री जेवताना मी घरात जाहीर केलं. भावजी आलेले होतेच. म्हणाले, "वहिनी, मुंबईच्या खड्ड्यांत रोड बाइक म्हणजे पैठणी नेसून भाजी आणायला जाणं." सगळे हसले. मला उत्तर सुचलं ते रात्री दोन वाजता: मी पैठणी नेसून मुलुंडहून दादरला लग्नाला लोकलने गेले आहे, चौथ्या सीटवर अर्धी लटकत, आणि पैठणी शाबूत आहे.

जुनी, पण चांगल्या स्थितीतली रोड बाइक घेतली. साडेदहा किलो. आणि नवव्या दिवशी भांडुपला पडले.

आता नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. काँक्रीटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांच्या मध्ये लांबच लांब फट असते. त्यातलं डांबरी सील निघून गेलेलं असतं. रिक्षा चुकवायला मी हळूच उजवीकडे सरकले आणि पुढचं चाक त्या फटीत बसलं. हँडल वळलंच नाही. मी वळले. पाच आठवडे प्लास्टर. फॅमिली ग्रुपवर भावजींचा मेसेज: "लवकर बऱ्या व्हा. सांगितलं होतं." पहिलं वाक्य मी विसरले आहे, असं समजा.

प्लास्टर असतानाच मी टेप घेऊन तिथे गेले आणि फट मोजली. 27 मिलिमीटर. माझा टायर 25 मिलिमीटरचा. भावजींचं म्हणणं, रोड बाइकमुळे पडलात. माझं म्हणणं, दोन मिलिमीटरमुळे पडले. त्यात हवा 110 पीएसआय, कारण दुकानातल्या मुलाने सांगितलं, 'रोड बाइक आहे, टाइट पाहिजे.' टायरच्या कडेला छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी भरायची आज्ञा नसते. माझं वजन 58 किलो. त्या दाबाला टायर खडीवर दगडासारखा उडतो, पकड राहत नाही, आणि हाताला मुंग्या येतात त्या वेगळ्याच. आता माझ्याकडे 32 मिलिमीटरचे टायर आहेत, हवा मागे 60, पुढे 55. त्याच रस्त्याने आठवड्यातून तीनदा जाते.

म्हणून घेताना एकच गोष्ट हट्टाने बघा: फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणारा चिमटा) 32 चा टायर बसतो का. डिस्क ब्रेकच्या बहुतेक नव्या सायकलींत बसतो. रिम ब्रेकच्या जुन्या सायकलींत बऱ्याचदा 25 किंवा फार तर 28. मला फोर्क घासत होता, म्हणून ती पहिली रोड बाइक विकून वर्षभरातच दुसरी घ्यावी लागली. (वरची 'पाच वर्षं' दुसरीची. भावजी, पकडलंत.) आणि फट, पेव्हर ब्लॉकची कड, गटाराची जाळी, काहीही तिरकं ओलांडू नका. वेग कमी करा, शक्य तेवढं काटकोनात जा.

बाकीचं पटकन सांगते. ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा असेल, हायवेवरच्या पंक्चरवाल्याची नळी त्याला बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर कायम पिशवीत ठेवा, मी पडघ्याला एकदा पाऊण तास रडकुंडीला आले होते. गियरचं कोणी सांगत नाही. माझ्या एमटीबीला पुढे 22 दात्यांची चकती होती, येऊरचा चढ गप्पा मारत चढायचे. रोड बाइकला पुढची लहान चकती 34 ची आणि मागे सगळ्यात मोठी 28 ची आली, आणि पहिल्याच चढाला गियर संपले. मागे सगळ्यात मोठी चकती 32 किंवा 34 ची असलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) घ्या, लाज बाळगू नका. हात लहान असतील तर ब्रेकची दांडी हँडलच्या जवळ आणायला बारीक स्क्रू असतो तो फिरवून घ्या. मला सहा महिने कोणी सांगितलं नाही. कोणता ब्रेक पुढचा हे पहिल्या दिवशी गल्लीत बघा, एलबीएस रोडवर नको. आणि बऱ्याच रोड बाइकना ब्रेकचीच दांडी आडवी ढकलली की गियर पडतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी सिग्नलला थांबण्याऐवजी गियर बदलत पुढे गेले आहे.

सवय? प्लास्टरचे दिवस सोडून मला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा मान आणि खांदे दुखतात, दुसऱ्यात राग येतो. तिसऱ्यात एका सकाळी हँडलच्या खालच्या वाकात हात जातात आणि कळतही नाही. चौथ्यातही मान दुखत असेल तर दोष तुमचा नाही, सायकलची साइझ किंवा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) चुकलंय.

वेगाचं विचाराल तर त्याच पहाटेच्या रस्त्यावर माझी सरासरी ताशी 19 वरून 24 वर गेली. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातले दोन किलोमीटर मला एमटीबीवरच मिळाले होते, फक्त दीड इंची गुळगुळीत टायर लावून आणि शॉकअप लॉक करून. हे आधी करून बघा, स्वस्त आहे. तुम्ही रोज पाठीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसला जात असाल, तर तेवढ्यावरच थांबा. रोड बाइक पहाटे पाचला शहराबाहेर निघणाऱ्यांसाठी आहे. मुंबईत ती जिथे खरी पळेल ते सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू, तिन्हीकडे सायकलला बंदीच आहे.

आणि हो, पावसाळ्यात मी एमटीबीच काढते. जून ते सप्टेंबर. पाण्याखाली खड्डा आहे की फट, हे 32 च्या टायरलाही कळत नाही. हे भावजींना मी अजून सांगितलेलं नाही. पार्किंगमध्ये चिखल बघून त्यांना अंदाज आला असेल.

भावजी, हे वाचत असाल तर तुमचा पंप माझ्याकडे राहिलाय. त्याला प्रेस्टा बसत नाही, येऊन घेऊन जा.