माझ्या ॲम्प्लिफायरमधल्या ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हच्या जोडीतला एकच व्हॉल्व्ह तापून लाल होतो, नवी जोडी घातली तरी त्याच सॉकेटमधला. जुन्या साठ्यातली मुलार्ड (जुना ब्रिटिश ब्रँड) जोडी घातली तर थांबेल का?

नवी जोडी घातली तरी त्याच सॉकेटमधला व्हॉल्व्ह लालभडक होतो, असं तुम्हीच लिहिलंय. मग मुलार्डचा प्रश्न येतोच कुठे? दोन व्हॉल्व्हची आपसात अदलाबदल केल्यावर लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर दोष व्हॉल्व्हचा, सॉकेटलाच चिकटून राहिली तर सर्किटचा. या सॉकेटात मुलार्डही तशीच भाजेल, फक्त जास्त पैशांत.

माझा पहिला संशय कपलिंग कपॅसिटरवर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल पुढे सोडतो, पण डीसी अडवतो), त्यातही जुन्या कागदी कपॅसिटरवर. जोडीतले दोन्ही पॉवर व्हॉल्व्ह काढा, ॲम्प्लिफायर चालू करा आणि चॅसिस ते पिन ५ (व्हॉल्व्हची ग्रिड, म्हणजे प्रवाहावर लगाम ठेवणारी जाळी) डीसी व्होल्टेज बघा. दोन्ही सॉकेटांवर समजा −३८ व्होल्ट हवेत; व्हॉल्व्हला आवरून धरणारं हे ऋण व्होल्टेज म्हणजे बायस. एकावर −३३ दिसले की चोर सापडला. हिशेब साधा आहे: आधीच्या टप्प्याच्या प्लेटवर (व्हॉल्व्हमधला प्रवाह गोळा करणारा इलेक्ट्रोड) २०० व्होल्ट, कपॅसिटरची गळती १० मेगओहम, ग्रिडचा रेझिस्टर २२० किलोओहम. २३ मायक्रोॲम्पिअर वाहतात आणि ग्रिडचे ५ व्होल्ट खातात. आवाजात काही कळत नाही, पण ४३० व्होल्टवर ३८ मिलिॲम्पिअर घेणारा व्हॉल्व्ह साधारण दुप्पट ओढायला लागतो. १६ वॅटचे ३२ होतात. प्लेटची मर्यादा २५. लाल होणार नाही तर काय!

हे थंड मशीनवर मोजू नका. गळती उष्णतेने वाढते, वीस मिनिटं तापू द्या. कपॅसिटर बदलताना ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन घ्या आणि दोन्ही बाजूंचे बदला.

पिन ५ वर बायस आलाच नाही तर ग्रिडचा रेझिस्टर तुटलाय किंवा बायस जुळवणाऱ्या पॉटचा (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरचा) सरकता काटा उचललाय. काट्यापासून पॉटच्या ऋण टोकापर्यंत एक रेझिस्टर कायमचा लावून टाका, म्हणजे काटा सुटला तरी बायस वाढेल, शून्यावर येणार नाही. कारखान्यातच हे का करत नाहीत, देव जाणे. व्होल्टेज बरोबर असूनही लाली राहिली, तर सॉकेटच्या पिन ५ ची पकड ढिली आहे का बघा.

आणि ‘टेस्टरवर पास झालाय’ हे विक्रेत्याचं वाक्य मला ऐकवू नका. बहुतेक साधे टेस्टर प्लेटला पुरतं व्होल्टेज देतच नाहीत. आत थोडा वायू असलेला व्हॉल्व्ह तिथे हसत पास होतो आणि ४३० व्होल्टवर ग्रिड करंट काढून स्वतःचाच बायस खातो. जुना साठा जरूर घ्या, पण डोळ्यांनी बघून: गेटर (काचेच्या आतला चंदेरी डाग) पांढरा पडला असेल तर हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह कचऱ्यात. काचेच्या आतल्या पृष्ठभागावरची निळी झाक निरुपद्रवी. इलेक्ट्रोडच्या मधोमध धुरासारखी जांभळी चमक दिसली तर मात्र लगेच बंद करा.

हो, आधीच सांगायला हवं होतं: पॉवर व्हॉल्व्ह काढले की भार जातो आणि सप्लायचं व्होल्टेज चढतं. फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचे असतील तर ती वीस मिनिटं थांबू नका, मोजणी पटकन उरका. बंद केल्यावर तेच कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा, आणि शून्य झालेत हे मीटरवर बघितल्याशिवाय आत हात घालू नका.