एनबीएत ५-६ पॉइंट काढणाऱ्या रोल प्लेयरला फ्री एजन्सीत एवढे पैसे का मिळतात? त्याची खरी किंमत कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, मॅचला ५-६ पॉइंट काढणाऱ्या रोल प्लेयरला (म्हणजे स्टार नसलेल्या, ठरावीक काम करणाऱ्या खेळाडूला) फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपून कुठल्याही टीमशी बोलता येतं तेव्हा, एखादी टीम वर्षाला ९-१० मिलियन डॉलर का देते, आणि तो त्या लायकीचा आहे की नाही हे आपल्यासारख्या लांबून बघणाऱ्यांनी कसं ठरवायचं. मी बरीच वर्षं पहाटे उठून एनबीए बघतोय आणि मला विचाराल तर पॉइंटचा रकाना सगळ्यात शेवटी बघा. आधी हे बघा की प्लेऑफमध्ये मॅच अडकलेली असताना कोच त्याला कोर्टवर ठेवतो का, आणि ठेवतो तर त्याला कुठलं काम देतो.

गार्ड अ‍ॅलेक्स करूसोचंच घ्या. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स नवे खेळाडू निवडतात तिथे) त्याला कुणीही घेतलं नव्हतं, जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, खेळत खेळत वर आला, लॉस एंजेलिस लेकर्सनी टू-वे कॉन्ट्रॅक्टवर (एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळवायच्या करारावर) घेतला. २०२० ची फायनल, मायामीविरुद्ध, सहावी मॅच, आपल्याकडे पहाटेचे पाच, आणि कोच फ्रँक व्होगेलने सेंटर ड्वाइट हॉवर्डला बसवून करूसोला पहिल्या पाचात घेतलं! त्या सीझनला त्याचा अ‍ॅव्हरेज होता ५.५ पॉइंट. लेकर्स ती मॅच जिंकून चॅम्पियन झाले. टायटलच्या मॅचला कोच ज्याच्यावर एवढा भरवसा टाकतो त्याची किंमत ५.५ या आकड्यात कशी मावणार, तुम्हीच सांगा.

२०२१ च्या उन्हाळ्यात तो फ्री एजंट झाला. वय २७, ६.४ पॉइंट, थ्री पॉइंटर ४०.१ टक्के. आता इथे दोन गोष्टी नीट बघायच्या. पहिली म्हणजे हे ४० टक्के किती शॉट्सवर आलेत, तर मॅचला जेमतेम दोन-अडीच, आणि तेही बरेचसे मोकळे, कारण लेकर्सचा स्टार लेब्रॉन जेम्सकडे बॉल असला की सगळा डिफेन्स तिकडे धावतो. म्हणजे या आकड्यावर पैसे लावायचे नाहीत. आणि झालंही तसंच, शिकागोला गेल्यावर पहिल्याच सीझनला तो ३३.३ वर आला, शिवाय मनगट मोडलं आणि ४१ मॅचच खेळला. शूटिंग असं वर-खाली होतच राहतं (२०२३-२४ ला परत ४०.८ वर गेला). पण डिफेन्स कुठल्याही टीममध्ये, कुणाहीबरोबर तसाच राहिला. २०२२-२३ ला ऑल-डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम डिफेंडर्सच्या यादीत, पुढच्या वर्षी सेकंड टीममध्ये. मी म्हणतो ते हेच, रोल प्लेयरचं जे काम टीम बदलली तरी टिकतं त्याचेच पैसे द्यायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे लेकर्सकडे त्याचे बर्ड राइट्स होते. खेळाडू सलग तीन सीझन तुमच्याकडे असला की सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) ओलांडूनही त्याला ठेवता येतं, त्याला बर्ड राइट्स म्हणतात, लॅरी बर्डवरून नाव पडलंय. तरी त्यांनी शिकागोने दिलेल्या ४ वर्षं ३७ मिलियनच्या ऑफरएवढे पैसे दिले नाहीत, लक्झरी टॅक्सचा (पगार फार वाढला की टीमला भरावा लागणाऱ्या दंडाचा) बोजा डोक्यावर होता. आणि कॅपच्या वर असलेल्या टीमने असा खेळाडू सोडला की ते ९ मिलियन काही दुसऱ्या कुणावर खर्च करायला मिळत नाहीत, ते गेलेच, हे लोक विसरतात. त्याच उन्हाळ्यात त्यांनी महागड्या स्टार गार्ड रसेल वेस्टब्रुकला आणलं आणि पुढच्या सीझनला ३३-४९ वर प्लेऑफच हुकली. एका करूसोमुळे हुकली असं मी म्हणणार नाही, पण पेरिमीटरवर, म्हणजे बास्केटपासून लांब, समोरच्याला अडवणारं कुणी उरलंच नव्हतं हे त्या वर्षी रोज दिसत होतं आणि मला फार वाईट वाटायचं.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच. २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटीने तरुण गार्ड जॉश गिडी देऊन त्याला घेतलं, वर एकही ड्राफ्ट पिक न देता, आणि डिसेंबरमध्ये ४ वर्षांचं ८१ मिलियनचं एक्स्टेन्शन (करारवाढ) दिलं, तेव्हा तो ३० चा होता. मग मे २०२५, डेन्व्हरविरुद्ध सातवी मॅच, आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला. करूसो ६ फूट ५ इंच, त्याला सोडला डेन्व्हरच्या स्टार सेंटर निकोला जोकिचवर, जो ६ फूट ११ आणि वजनातला फरक तर विचारूच नका. तुम्ही ती मॅच परत बघा आणि फक्त करूसोचे पाय बघा. जोकिचच्या मागे उभा राहायचा नाही, पुढे येऊन उभा राहायचा, म्हणजे पासच पोचू नये, आणि पास आलाच तर हात मध्ये. एवढ्या मोठ्या माणसाला अंगावर घेत होता आणि पाय कुठे हलत नव्हते. जोकिचला अख्ख्या मॅचमध्ये नऊच शॉट मारता आले, मॅच १२५-९३. महिन्याभराने टायटलही आलं.

आता उलटं उदाहरण, म्हणजे जास्त पैसे मिळाले म्हणून टीमला तो तेवढाच हवा होता असं दरवेळी नसतं. ब्रूस ब्राउन २०२३ ला डेन्व्हरबरोबर चॅम्पियन झाला, फायनलच्या चौथ्या मॅचला २१ पॉइंट, त्यातले ११ शेवटच्या क्वार्टरमध्ये. डेन्व्हरला तो हवाच होता, पण एकच सीझन झालेला, त्यामुळे पूर्ण बर्ड राइट्स नाहीत, आधीच्या पगाराच्या १२० टक्केच देता येत होते, म्हणजे साधारण पावणेआठ मिलियन. इंडियानाने दोन वर्षांचे ४५ दिले, पण दुसरं वर्ष टीम ऑप्शन, म्हणजे ठेवायचं की नाही ते टीमने ठरवायचं. असा मोठा आणि छोट्या मुदतीचा पगार ट्रेडमध्ये फार उपयोगी पडतो, आणि जानेवारी २०२४ मध्ये टोरांटोचा स्टार पास्कल सियाकमला आणताना त्यांनी ब्राउनला टोरांटोला पाठवलंच. २०२४ ला सेंटर आयझाया हार्टेनस्टाइनचंही तसंच, न्यूयॉर्ककडे तो दोनच वर्षं असल्यामुळे त्यांची उडी ४ वर्षं ७२.५ मिलियनपर्यंतच जात होती, ओक्लाहोमाने ३ वर्षांचे ८७ दिले, तिथे न्यूयॉर्कच्या मॅनेजमेंटला नावं ठेवण्यात अर्थच नव्हता.

त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या टीमचा कुणी फ्री एजंट झाला तर आधी तो तिथे सलग किती सीझन आहे ते मोजा, मग त्याच्या शेवटच्या प्लेऑफ सीरिजमधल्या दोन मॅच लावा आणि बॉल सोडून फक्त त्याच्याकडेच बघत बसा. थोडं कंटाळवाणं वाटेल, पण दुसऱ्या हाफपर्यंत तुम्हाला बऱ्यापैकी कळलेलं असेल.