'स्केलिगला जाणे' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे: आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या खेड्याविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना एक वाक्य अडलंय. चाळिशीकडे झुकलेल्या एका शेतकऱ्याला शेजारी म्हणतात, "यंदाही तुला स्केलिगलाच जावं लागणार!" ही तीर्थयात्रा आहे का?

यात्रा नाही, टोमणा आहे. तोही लग्नावरून.

तिकडच्या कॅथलिक रिवाजात ईस्टरआधीच्या उपवासकाळात, म्हणजे लेंटमध्ये, लग्नं लागत नसत. त्यामुळे राखेच्या बुधवारी लेंट सुरू होण्याआधी लग्न उरकायची घाई. आदल्या मंगळवारी तर नुसती झुंबड. या दिवसांना आयरिश भाषेत 'इनिद' म्हणतात. मूळ लॅटिन 'इनिशियम', म्हणजे आरंभ. आरंभ अर्थातच उपवासाचा. त्याच मंगळवारी घरात पॅनकेक होत. पहिला उलटायचा मान थोरल्या बिनलग्नाच्या मुलीचा, आणि तो खाली पडला की यंदा लग्न नाही!

इनिद हुकली की चेष्टा सुरू. लेंटच्या पहिल्या रविवारी चर्चला आलेल्या अविवाहितांच्या पाठीवर पोरं गुपचूप खडूच्या रेघा ओढत. म्हणून तो 'खडूचा रविवार'. (आपल्याकडे घोडनवऱ्याला निदान तोंडावर तरी बोलतात.)

आता स्केलिग. केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर समुद्रातून २१८ मीटर उभा चढलेला हा खडक, त्यावर जुना ख्रिस्ती मठ. तिथे जुनीच कालगणना चालते, ईस्टर उशिरा येतो, म्हणून लेंटही उशिरा, असा लोकसमज. म्हणजे इथला मुहूर्त गेला तरी तिथे अजून शिल्लक! खरं तर तिथले मठवासी मध्ययुगातच किनाऱ्यावर राहायला आले. लग्न लावणार कोण? गंमत तीच आहे. कॉर्क आणि केरीत गावातल्या अविवाहितांच्या विजोड जोड्या जुळवून, त्यांना स्केलिगच्या बोटीत बसवणारी टवाळ पद्यं लिहीत. त्यांना 'स्केलिग याद्या' म्हणत. १९व्या शतकात त्या छापूनही वाटल्या जात.

भाषांतरात 'आता तुळशीच्या लग्नापर्यंत थांब' असं मात्र करू नका. चातुर्मास जवळचा वाटतो खरा, पण त्या वाक्यात थांबायला सांगितलेलं नाही, उलट पळवाट दाखवली आहे. मी असं करेन: "बाशिंगबळ जडच रे तुझं! इथला मुहूर्त गेला, आता गाठ स्केलिग."