भ्रष्ट, पण कशापासून?

बाळ,

पत्र दोनदा वाचलं. ठेकेदाराने मिठाईच्या पुड्याखाली पाकीट ठेवलं, तू मागितलं नव्हतंस, बिलही नियमात बसत होतं. मग याला भ्रष्टाचार म्हणायचं का, असं विचारतेस. ऑफिसात सगळे 'चहापाणी' म्हणतात, असंही लिहितेस. तो शब्द मी तीस वर्षं ऐकला. अजून संताप येतो.

शब्द नीट उघडून बघ. 'भ्रंश्' हा संस्कृत धातू. अर्थ घसरणं, ढळणं, जागेवरून पडणं. त्यात पैसा कुठेच नाही. पैशासाठी आपल्याकडे वेगळा, रोखठोक शब्द आहे : लाच. भ्रष्ट म्हटलं की पंचमी विभक्ती येते. कशापासून? पदभ्रष्ट पदापासून, गीतेतला योगभ्रष्ट योगापासून. संस्कृत कवी भर्तृहरीने गंगा दाखवली : स्वर्गातून शंकराच्या मस्तकावर, तिथून हिमालयावर, तिथून जमिनीवर, शेवटी समुद्रात. विवेकभ्रष्टांचं पतन असंच शेकडो वाटांनी होतं, म्हणाला. पहिला मुक्काम शंकराचं मस्तक आहे, हे बघितलंस? पहिली घसरण पवित्रच वाटते.

माझी आजी हाच शब्द विटाळासाठी वापरायची. 'खालच्या' म्हटल्या जाणाऱ्या कुणाचा हात हंड्याला लागला की 'भ्रष्टाकार केला!' तहानलेला तो माणूस कशापासून ढळला होता? माणुसकीपासून आम्ही ढळलो होतो. घरात तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही.

आणि नोकरीच्या चौथ्या वर्षी रस्त्याखालच्या एका मोरीची मोजमाप पुस्तिका मी जागेवर न जाता भरली. मार्च संपत होता, साहेबांना घाई होती. रुपयाही घेतला नाही, म्हणून स्वतःला स्वच्छ समजत राहिलो. दुसऱ्या पावसाळ्यात मोरी खचली. मी कशापासून ढळलो? टेपपासून. जागेवर उभं राहून मोजण्यापासून. पाकीट कुठेच नव्हतं, तरी मी भ्रष्ट होतो.

त्यानंतर न मोजता एकही नोंद केली नाही. बदल्या झाल्या, बढती लांबली, सहकारी हेकट म्हणाले. मुलांच्या शाळा तीनदा बदलल्या, ते त्यांनी सोसलं. तरी माझंच बरोबर होतं. घरातही मी हे भांडून सांगतो.

तेव्हा 'मागितलं नव्हतं' हे मला ऐकवू नकोस. लाचेचा १९८८चा कायदा आहे, तो स्वतः वाच. माझा प्रश्न तोच : त्या ठेकेदाराच्या पुढच्या कामावर टेप धरशील तेव्हा हात कशापासून ढळेल?

पाकीट कपाटात आहे म्हणतेस. उद्या सकाळी वरिष्ठांना लेखी कळव, पोच घे, दोघांसमोर परत कर. मग दुपारी त्याच्याच चालू कामावर जा. खडीचा थर स्वतः मोज. नोंद तिथेच, उभ्याने कर.