सामायिक ब्लॉग नेटवर्कवर लेखकांना थीम कितपत बदलू द्यावी?

आपला प्रश्न असा आहे की, वर्डप्रेस या ब्लॉग-प्रणालीच्या एकाच मल्टिसाइटवर (एकाच इन्स्टॉलेशनवर अनेक साइट चालवण्याची सोय) अनेकांचे ब्लॉग चालत असून प्रत्येकाला आपल्या ब्लॉगचे रूप स्वतः ठरवायचे आहे, तेव्हा त्यांना थीमच्या, म्हणजे ब्लॉगचे रूप ठरवणाऱ्या साच्याच्या, फाइली संपादित करू द्याव्यात का. माझ्या मते फाइलींना हात लावू देऊ नये. रूप मात्र खुशाल बदलू द्यावे.

थीमची फाइल ही नुसती सजावट नसून तो पीएचपी या भाषेत लिहिलेला, सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम असतो. मल्टिसाइटमध्ये डेटाबेस एकच, त्याचा पासवर्ड ठेवणारी कॉन्फिग फाइल एकच आणि थीमची प्रतही एकच असल्यामुळे, एका ब्लॉगसाठी लिहिलेली ओळ शेजारच्या ब्लॉगचे अप्रकाशित मसुदे सहज वाचू शकते. नुकसान व्हायला वाईट हेतूही लागत नाही. एका लेखिकेच्या विनंतीवरून मी सामायिक थीमच्या फूटरमध्ये (पानाच्या तळाच्या भागात) दोन ओळी घातल्या, त्यात एक अर्धविराम लिहायचा राहून गेला आणि ती थीम वापरणारे सगळे ब्लॉग कोरे पडले. मल्टिसाइटमध्ये फाइल संपादनाचा अधिकार मुळातच फक्त सुपर ॲडमिनकडे, म्हणजे संपूर्ण नेटवर्कच्या व्यवस्थापकाकडे, असतो. तो तसाच राहू द्या. किंबहुना कॉन्फिगमधून थीम एडिटर सर्वांसाठीच बंद करा, म्हणजे आपले खाते कुणाच्या हाती लागले तरी ती वाट मोकळी राहणार नाही.

‘मग निदान सीएसएस (पानाचे रंग, आकार, मांडणी सांगणारी भाषा) तरी द्या’ अशी मागणी येते, आणि ती निरुपद्रवी वाटते. पण ऑक्टोबर 2005 मध्ये सॅमी कामकार या प्रोग्रॅमरने मायस्पेस या सोशल नेटवर्कवरील आपल्या प्रोफाइलमध्ये सीएसएसच्या पार्श्वभूमीच्या पत्त्यात स्क्रिप्ट दडवली होती. मायस्पेस ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळत असे. त्याने तो मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला आणि तेव्हाच्या काही ब्राउझरनी तो जोडून वाचला. वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलना या स्वतः पसरणाऱ्या स्क्रिप्टची लागण झाली. आजचे ब्राउझर सीएसएसमधून स्क्रिप्ट चालवत नाहीत, तरीही खऱ्या बटणावर खोटे बटण बसवणे किंवा बाहेरून चित्र मागवून वाचकांची नोंद ठेवणे सीएसएसला जमतेच. म्हणूनच मल्टिसाइटवर साध्या ॲडमिनला (एकाच ब्लॉगच्या व्यवस्थापकाला) ‘अतिरिक्त सीएसएस’ची चौकट दिसत नाही. अनेकजण हा दोष समजून ती प्लगइनने (वर जोडायच्या पूरक प्रोग्रॅमने) उघडतात. तसे कृपया करू नका.

याऐवजी ब्लॉक थीम, म्हणजे जिची मांडणी कोड न लिहिता पडद्यावरच बदलता येते अशी थीम, वापरा. वर्डप्रेसच्या 2021 मधील 5.8 आवृत्तीपासून रंग, अक्षरे आणि अंतरे यांचे पर्याय थीमच्या जेसॉन फाइलीत (सेटिंग्ज लिहिण्याच्या साध्या मजकूर फाइलीत) मांडता येतात, आणि 2022 च्या 5.9 पासून लेखक साइट एडिटरमध्ये मांडणीच बदलू शकतो. हे बदल त्या ब्लॉगच्या स्वतःच्या टेबलांत साठतात आणि त्यांत पीएचपी नसते, त्यामुळे बिघाड झालाच तर तो बहुधा त्याच ब्लॉगपुरता राहतो. स्वतःचे पर्याय जोडत असाल, तर साठवतानाच मूल्य तपासा: रंगाच्या रकान्यात # आणि त्यापुढे तीन किंवा सहा षोडशमान अंक (0 ते 9 आणि A ते F), याखेरीज काहीही स्वीकारू नका.

एवढ्यानेही ज्याचे भागत नाही, त्याच्यासाठी चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली, तिला न बदलणारी उपथीम) बनवून, तिची ओळन् ओळ स्वतः वाचून, ती केवळ त्याच्याच साइटला उपलब्ध करून द्या. यामुळे एखाद्या चुकीचा परिणाम सहसा एका ब्लॉगपुरता राहतो, पण कोडची पोहोच कमी होत नाही, म्हणून वाचण्याचे काम टाळता येत नाही. आणि ज्याला रोज पीएचपी लिहायचे आहे, त्याला स्वतंत्र डेटाबेस असलेले वेगळे इन्स्टॉलेशन द्या.