शोरूममध्ये दाद लागत नसेल तर

नवी गाडी घेताना शोरूममध्ये येणाऱ्या अडचणींबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पाचही प्रश्नांत एक गोष्ट समान आहे: सेल्समन तोंडी बोलतो, ग्राहक तोंडीच ऐकून घेतो आणि कागद हाती येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मी शिक्षिका आहे. गाडी माझ्या पैशांतून, माझ्या नावावर आणि मीच चालवणार. पण दोन शोरूममध्ये सेल्समन सगळे माझ्या भावाशीच बोलला. टेस्ट ड्राइव्हही त्यालाच दिली. मी काय करावे? (सांगली)

पुढच्या वेळी शोरूममध्ये शिरण्याआधीच काम सुरू करा. आदल्या दिवशी फोन करून मॉडेल, व्हेरियंट, इंधन आणि गिअरबॉक्स मॅन्युअल हवा की ऑटोमॅटिक हे सांगा, टेस्ट ड्राइव्हची वेळ ठरवा आणि चौकशी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाइलवर नोंदवायला सांगा. बहुतेक डीलरांकडे चौकशी मोबाइल नंबरावर आणि एका सेल्समनच्या नावावर चढते. गाडी विकली गेली की इन्सेंटिव्ह त्यालाच मिळते. म्हणूनच एकाचे गिऱ्हाईक दुसरा सेल्समन सहसा हातात घेत नाही. माणूस बदलून हवा असेल तर सेल्स मॅनेजरला भेटून 'माझी चौकशी दुसऱ्या सल्लागाराकडे द्या' एवढेच सांगा. कारण विचारले तर स्पष्ट सांगा, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

आत गेल्यावर पहिलेच वाक्य असे असू द्या: 'गाडी माझ्या नावावर होणार आहे, लायसन्स माझे आहे, चालवून मी बघणार.' भावाला सोबत न्यायचे तर मागच्या सीटवर बसवा. मागे पाय ठेवायला जागा किती, खड्ड्यात मागच्या माणसाला किती दणके बसतात, हे त्याने बघावे. त्याचा खरा उपयोग तिथेच आहे.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमला एक वळसा घालून संपवू नका. निदान अर्धा तास मागा. बसल्यावर आधी सीटची उंची, स्टिअरिंग आणि तिन्ही आरसे आपल्या मापाने लावा. बोनेटची कड दिसते का, क्लच पूर्ण दाबताना टाच उचलावी लागते का, ते बघा. मग एसी सुरू ठेवून चढावर गाडी थांबवा आणि पुन्हा उचला, अरुंद गल्लीत यू-टर्न घ्या, रिव्हर्समध्ये पार्क करा. टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुधा वरच्या व्हेरियंटची असते, म्हणून तुमच्या व्हेरियंटमध्ये त्यातले काय नाही याची यादी तिथेच करून घ्या. सीटची उंची बदलण्याची सोय, मागचा वायपर आणि मागचा कॅमेरा या गोष्टी खालच्या व्हेरियंटमध्ये हमखास गळतात.

एवढे करूनही वागणूक तीच राहिली, तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे जा. गाडी तीच, कंपनीची वॉरंटीही तीच. कोल्हापूर किंवा पुण्याचे कोटेशनही मागवता येते. वाहनकर राज्यभर एकच आहे. फक्त तुमच्या पत्त्यानुसार पासिंग कसे होईल, हे त्या डीलरकडून आधी लिहून घ्या.

'ऑन रोड दहा लाख पस्तीस' असे सेल्समन व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून देतो. तपशील विचारला की 'सर, सगळं त्यात आलं' म्हणतो. या आकड्यात नेमके काय असते? (नाशिक)

कार्डाच्या मागचा आकडा म्हणजे कोटेशन नव्हे. डीलरचा शिक्का, तारीख, व्हेरियंट, रंग आणि प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत असलेला कागद किंवा ई-मेल मागा. मग एकेक ओळ तपासा.

पहिली ओळ एक्स-शोरूम किमतीची. ती कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या शहरासाठी दिलेली असते, रुपयापर्यंत जुळवा. जीएसटी यातच असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर 18 टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. कोणी त्याआधीचे दरपत्रक पुढे करत असेल तर तो कागद बाजूला ठेवा.

दुसरी ओळ वाहनकराची. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांना 12 टक्के आणि त्यापुढे 13 टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. म्हणजे 9 लाखांच्या पेट्रोल गाडीचा कर 99,000 रुपये. कराव्यतिरिक्त पासिंगची फी फार नसते: नोंदणीचे 600, स्मार्ट कार्डाचे 200 आणि कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे 1,500. 'आरटीओ खर्च' म्हणून एकच मोठी रक्कम दाखवली असेल, तर कर आणि या फिया वेगळ्या लिहून मागा. कराची पावती तुमच्या नावाने निघते, तिच्याशी आकडा ताडून बघता येतो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर ती ओळ काढायला सांगा. एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला ती प्लेट कंपनीनेच पुरवायची आहे आणि तिची किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली आहे.

गाडीची किंमत 10 लाखांच्या वर असेल तर 1 टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, लागतो. तो 10 लाखांच्या वरच्या रकमेवर नसून पूर्ण किमतीवर असतो: 12 लाखांच्या गाडीला 12,000. हा पैसा बुडत नाही. तुमच्या पॅनवर तो जमा होतो आणि विवरणपत्र भरताना करातून वजा होतो किंवा परत मिळतो. ही रक्कम बऱ्याच सेल्समनना नीट समजावून सांगता येत नाही.

आता 'हँडलिंग चार्जेस', 'लॉजिस्टिक्स', 'डेपो खर्च', 'फाइल चार्ज' या ओळी. वाहन कायद्यात अशा नावाचे कुठलेही शुल्क नाही. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला आहे. एकच वाक्य लिहून पाठवा: 'ही रक्कम कोणत्या नियमाखाली आहे ते कळवावे, आणि तिची जीएसटी बिलावर वेगळी नोंद करून मिळावी.' बऱ्याच वेळा ही ओळ इथेच गळून पडते. 'सगळेच देतात' हे उत्तर आले तर तेही लेखीच मागा.

सवलतींचेही तसेच. रोख सवलत, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सवलत या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सेल्समन तिघांची बेरीज करून सांगतो आणि तुमच्याकडे जुनी गाडी नसली की त्यातली एक रक्कम नंतर वजा होते. तुम्हाला लागू असलेलीच सवलत कोटेशनवर घ्या. जुनी गाडी देणार असाल तर तिची किंमत आणि एक्स्चेंज बोनस वेगवेगळे लिहून घ्या, नाहीतर बोनस दाखवून गाडीचा भाव पाडलेला कळत नाही.

'विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर डिलिव्हरी लांबेल,' असे सांगतात. शिवाय 25,000 रुपयांचे ॲक्सेसरीज पॅकेज सक्तीचे आहे, त्यात अंडरबॉडी कोटिंगही आहे. आमच्या खाऱ्या हवेत ते घ्यावे का? (रत्नागिरी)

विमा कुठून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचे. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अडवणुकीची व्यापारप्रथा ठरवली आहे. पण नुसता कायदा सांगून गाडी सुटत नाही. मेख इथे आहे: पॉलिसी काढायला चॅसिस आणि इंजिन नंबर लागतो, पासिंगच्या अर्जाला पॉलिसी लागते, आणि डीलर हे नंबर शेवटच्या दिवसापर्यंत देत नाही. मग घाईघाईत त्याचाच विमा घ्यावा लागतो. म्हणून बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्या की, गाडी वाटप झाल्यावर दोन्ही नंबर चार दिवस आधी मिळतील आणि विमा ग्राहक स्वतः आणेल.

तुलना करताना तीन वर्षांच्या थर्ड पार्टी विम्यात वेळ घालवू नका. त्याचा दर सरकार ठरवते, तो सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या एक वर्षाच्या भागात. दोन्ही कोटेशनमध्ये आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सारखी आहे का ते आधी बघा. नव्या गाडीची आयडीव्ही साधारण एक्स-शोरूम किमतीच्या 95 टक्के असते. ती उतरवून हप्ता स्वस्त दाखवलेला असू शकतो. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारे जादा कवच, मात्र घ्याच. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे खिशातून जातात, आणि बंपर प्लास्टिकचाच असतो. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) असेल तर विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र आणा. तो नव्या गाडीला लागतो आणि नुकसानीच्या भागाचा हप्ता 50 टक्क्यांपर्यंत कमी होतो. 'बाहेरच्या विम्याला आमच्याकडे कॅशलेस नाही' असे ऐकवले, तर त्या विमा कंपनीची गॅरेजची यादी उघडून त्यात हेच वर्कशॉप आहे का ते बघा.

पॅकेजमधून मॅट, मडफ्लॅप असे हवे तेवढेच सुटे घ्या. वायर कापून लावायची कुठलीही वस्तू टाळा. हॉर्न असो, दिवे असोत की स्टिरिओ, कपलरवर बसणारेच घ्या. वायरिंगला जोड दिला की पुढे विजेच्या बिघाडाची वॉरंटी नाकारायला कारण मिळते.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल आमचे मत असे की नव्या गाडीला शोरूममध्ये ते करून घेऊ नये. बॉडीला कारखान्यातच गंजरोधक लेप असतो. वरून जाड रबरी थर घाईत मारला तर पाणी निचरण्याची भोके बुजतात, थराखाली ओल धरते आणि गंज दिसतच नाही. कोकणात खरा उपाय साधा आहे: किनाऱ्यावरून आल्यावर आणि पावसाळा संपल्यावर गाडी लिफ्टवर घेऊन खालून गोड्या पाण्याने धुवून घेणे.

शोरूमवाला 6 टक्क्यांनी कर्ज देतो आणि वर 10,000 ची जादा सवलत. माझी बँक 9 टक्के म्हणते. शोरूमचेच घ्यावे ना? (छत्रपती संभाजीनगर)

ते 6 टक्के 'फ्लॅट' आहेत का, हे आधी विचारा. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत सुरुवातीच्या रकमेवरच. 8 लाख, 5 वर्षे, 6 टक्के फ्लॅट: व्याज 2,40,000, हप्ता 17,333. तेच 8 लाख बँकेच्या 9 टक्के घटत्या दराने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून: हप्ता सुमारे 16,607, व्याज सुमारे 1,96,400. म्हणजे '6 टक्क्यां'चे कर्ज 43,600 रुपयांनी महाग. घटत्या दरात मोजले तर ते जवळजवळ 11 टक्के पडते. 10,000 ची सवलत त्यात कुठल्या कुठे जाते.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यपत्रक द्यावे लागते. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. दोन्हीकडचे पत्रक मागून तेवढाच आकडा ताडून बघा. कर्जासोबत जीवन विमा चिकटवला आहे का आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

पाडव्याला गाडी दारात हवी म्हणून बुकिंग केले. पैसे भरल्यापासून सेल्समन फोन उचलत नाही. आता 'उरलेली रक्कम आजच माझ्या यूपीआयवर टाका, तरच मुहूर्त साधेल,' असा त्याचा मेसेज आलाय. (पुणे)

सेल्समनच्या वैयक्तिक खात्यावर एक रुपयाही टाकू नका. पैसे डीलरशिपच्या खात्यावर, एनईएफटी, आरटीजीएस किंवा धनादेशाने, आणि प्रत्येक वेळी पावती. रोख द्यायला सांगितले तरी नाही म्हणा. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने मनाई आहे.

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी पाडवा या दिवशी एकेका शोरूममधून डझनावारी गाड्या बाहेर पडतात. त्या दिवशी गाडी तपासायला ना त्यांना वेळ असतो ना तुम्हाला. म्हणून तपासणी आणि पासिंग आधीच्या आठवड्यात उरका आणि मुहूर्ताला फक्त किल्ली घ्या. पासिंग न झालेली गाडी, निदान तात्पुरता नंबर नसताना, डीलरने ताब्यात देणेही नियमबाह्य आहे. 'पूजा करून घ्या, नंबर नंतर' हे मान्य करू नका.

गाडी पासिंगच्या आधी आणि दिवसाउजेडी बघा. पासिंग झाली की ती तुमची, मग दोष सापडला तरी बदलून मिळणे फार अवघड. चॅसिस नंबर गाडीवर बघून बिलाशी ताडा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहून मागा. ते पुढे आरसीवर छापले जाते आणि विकताना भाव त्यावरच ठरतो. डिसेंबरची गाडी जानेवारीत देत असतील तर सवलत मागणे तुमचा हक्क आहे. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: 3225 म्हणजे 2025 चा 32 वा आठवडा. टायर गाडीपेक्षा काही महिने जुना असणे ठीक आहे, वर्षभर जुना असेल तर विचारा. मीटर शंभर किलोमीटरच्या आत हवा. दारांच्या आणि बोनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, किंवा उन्हात एखाद्या पत्र्याची छटा वेगळी दिसली तर गाडीला दुरुस्ती झालेली असण्याची शक्यता आहे. ती गाडी घेऊ नका, दुसरी मागा. ब्रेक डिस्कवरचा तांबूस थर मात्र घाबरण्यासारखा नाही, चार वेळा ब्रेक दाबला की जातो. स्टेपनी, जॅक, पाना आणि दोन किल्ल्या मोजून घ्या.

फोन उचलत नाही त्यावर उपाय: आज संध्याकाळी सेल्स मॅनेजर आणि कंपनीचा ग्राहक विभाग या दोघांना एकच ई-मेल पाठवा. बुकिंग क्रमांक, तारीख, भरलेली रक्कम, कबूल केलेली डिलिव्हरी, यूपीआयच्या मेसेजचा फोटो, आणि शेवटी: 'चॅसिस नंबर व डिलिव्हरीची तारीख तीन दिवसांत कळवावी, अन्यथा बुकिंग रद्द करून रक्कम परत करावी.' बुकिंगच्या पावतीमागे रद्द करण्याच्या अटी असतात, त्यात किती कापतात तेही आत्ताच वाचून ठेवा. उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. तुम्ही वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400 रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी, म्हणून मेसेज आणि पावत्या तोवर पुसू नका.