एल्फिन्स्टन: पाट्यांवर भरपूर, माणसांत थोडं

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण या एका आडनावामागे मी बरीच वर्षं लागलोय. तुम्ही लिहिलंय की आजोबा एल्फिन्स्टन कॉलेजचे, तुम्ही एडिनबरात येऊन दोन वर्षं झाली आणि इथे अजून एकही एल्फिन्स्टन भेटला नाही, मग हे आडनाव खरंच स्कॉटिश आहे का, मुंबईचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन आणि कॉलेज ज्यांच्या नावाचं ते दोघे एकच माणूस का, आणि त्यातला 'स्टोन' म्हणजे दगड का. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आडनाव शंभर टक्के स्कॉटिश आहे आणि तुम्ही राहता तिथून जेमतेम १५-१६ किलोमीटरवर त्याचं मूळ गाव आहे. ईस्ट लोदियनमध्ये ट्रॅनेंट नावाचं छोटं शहर आहे, त्याच्या दक्षिणेला टेकाडावर एल्फिन्स्टन हे खेडं. गावावरून पडलेलं आडनाव, म्हणजे आपल्याकडचं वाईकर, सातारकर असतं ना त्याच जातीचं. फक्त एक फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे माणूस गाव सोडून गेला की लोक त्याला 'कर' लावतात, वाईतच राहणाऱ्याला वाईकर म्हणून काय उपयोग? स्कॉटलंडमध्ये मात्र १३व्या शतकात जमीनदार त्याच गावात बसून त्याच गावाच्या नावाने ओळखला जायचा, अमुक गावचा जॉन, तमुक गावचा अलेक्झांडर, कारण नाव म्हणजे जमिनीवरच्या हक्काचा पुरावाच. त्यामुळे जुन्या सनदांमध्ये दिसणारे एल्फिन्स्टन हे त्या गावचे मालक होते, आणि दुसरीकडे त्याच गावातून बाहेर पडलेला एखादा साधा कुळवाडी किंवा कारागीर, त्यालाही परगावी लोक एल्फिन्स्टन म्हणू शकत होते. दोघांचं रक्त एक असेलच असं नाही. आडनाव एक म्हणजे घराणं एक, हा गैरसमज इथेसुद्धा भरपूर लोकांना असतो आणि मग वंशवृक्ष ओढूनताणून लॉर्डांपर्यंत नेले जातात.

आता दगडाचं. दगड नाही. शेवटचा भाग मुळात 'टून', म्हणजे जुन्या इंग्रजीतलं शेतघर, वस्ती, ज्यातून पुढे 'टाऊन' झालं. एल्फिन किंवा एल्फविन अशा कुणा माणसाची वाडी, इतकाच अर्थ. मधला 'स' हा षष्ठीचा, आपल्या 'च्या'सारखा, तो आणि 'टन' एकत्र आले आणि लिहिणाऱ्यांना ते 'स्टोन' वाटलं, मग शेवटी एक मुका 'ई' चिकटला. जॉनस्टनचंही तेच, जॉनची वाडी. आणि उच्चारात तर कुठेच 'स्टोन' येत नाही, इथले लोक 'स्टन'च म्हणतात, त्यामुळे मुंबईतला लोकलचा प्रवासी जे 'एल्फिस्टन' म्हणायचा ते स्पेलिंग बघून 'एल्फिनस्टोन' म्हणणाऱ्यांपेक्षा मूळ उच्चाराच्या जास्त जवळ आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

मग माणसं कुठे गेली? इथे खरी गंमत आहे. ज्या गावावरून नाव पडलं ते गावच या घराण्याच्या हातून गेलं. १५व्या शतकात घराण्यातला कर्ता पुरुष लढाईत मेला, मागे मुलगी, तिचं लग्न जॉनस्टन घराण्यात झालं आणि गाव जॉनस्टनांकडे गेलं. पुरुषांच्या शाखेला मिळाली ती फोर्थ नदीकाठची एअर्थजवळची जमीन, स्टर्लिंगशरमधली. त्यांनी काय केलं तर नव्या जागेलाच एल्फिन्स्टन नाव दिलं! तिथेही बुरूजवाडा बांधला, त्याचंही नाव एल्फिन्स्टन टॉवर. म्हणजे नकाशावर दोन एल्फिन्स्टन आणि दोन टॉवर, आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. पुढे १७५४ मध्ये ही दुसरी जागा डनमोरच्या अर्लने (अर्ल म्हणजे वरच्या दर्जाचा उमराव) विकत घेतली आणि तिला स्वतःचं नाव लावलं, आज तिथे लोक जातात ते १७६१ चं अननसाच्या आकाराचं दगडी बांधकाम बघायला, आणि जवळच्या झाडीत एल्फिन्स्टन टॉवर पडक्या अवस्थेत उभा आहे हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव बदलून २०१८ मध्ये प्रभादेवी झालं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते हेच.

नदीकाठच्या या शाखेला १५१० मध्ये लॉर्ड ही पदवी मिळाली. पहिला लॉर्ड तीन वर्षांत, १५१३ ला इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत मारला गेला, आणि त्याचा मुलगा, दुसरा लॉर्ड, १५४७ ला पिंकीच्या लढाईत. पिंकी कुठे, तर मसलबराजवळ, म्हणजे ज्या गावावरून आडनाव पडलं त्या गावापासून काही किलोमीटरवर.

आता हे आडनाव कुठे कुठे पसरलं तिकडे येऊ, कारण जुन्या जनगणनांमध्ये ते जिथे जिथे दिसतं तिथे तिथे पोचण्याचं कारण वेगळं आहे.

ॲबरडीनशर. इथे हे नाव दिसलं की लोक लगेच बिशप विल्यम एल्फिन्स्टनचं नाव घेतात, ज्यांनी १४९५ मध्ये ॲबरडीनचं विद्यापीठ काढलं. माणूस खरोखर मोठा, स्कॉटलंडमध्ये छपाई सुरू झाली त्यामागेही त्यांचा हात होता, त्यांची प्रार्थनासंहिता १५१० मध्ये छापून झाली. पण ते धर्मगुरू, त्यांच्यापासून वंश पुढे गेला नाही, त्यामुळे 'आम्ही बिशपांचे वंशज' असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. त्या भागात नाव रुजलं ते जमिनींमुळे. १६व्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड घराण्याला डॉन नदीच्या खोऱ्यातला किल्ड्रमीचा किल्ला मिळाला, तो १६२६ पर्यंत त्यांच्याकडे होता, आणि किल्ल्याबरोबर भाऊबंद, कारभारी, धाकट्या पाती असे सगळे वर सरकले. तिथलीच लॉगी एल्फिन्स्टन ही इस्टेट. ती ज्या परगण्यात आहे त्याचं स्पेलिंग 'गॅरिओख' वाचावंसं वाटतं आणि उच्चार 'गीरी' आहे, तिथल्या कुणाला फोन करायची वेळ आली तर लक्षात ठेवा.

ऑर्कनी. माझ्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट इथली. इतक्या उत्तरेला, समुद्रापलीकडच्या बेटांवर हे लोदियनचं आडनाव कसं? तर पहिल्या लॉर्डची मुलगी युफेमिया, हिला राजा पाचव्या जेम्सपासून मुलगा झाला, रॉबर्ट स्ट्युअर्ट, १५३३ चा जन्म. लग्नाबाहेरचा असल्यामुळे गादी नाही, पण बेटं मिळाली, आणि १५८१ मध्ये तो ऑर्कनीचा अर्ल झाला. त्याच्या मागोमाग आजोळची माणसं तिकडे गेली, सँडे बेटावर लॉपनेसला एल्फिन्स्टन जमीनदार होऊन बसले. मामाकडची मंडळी भाच्याच्या राज्यात, आपल्या इतिहासात असं किती वेळा झालंय. कुणाचे पूर्वज 'ऑर्कनीचे एल्फिन्स्टन' निघाले तर मी आधी सँडे बेटाची पॅरिश रजिस्टरं, म्हणजे चर्चच्या जन्म-लग्नाच्या नोंदवह्या, बघतो, मुख्य भूमीची नंतर.

ग्लासगो आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात, डंडी, एडिनबरात जे दिसतात ते बरेचसे १९व्या शतकातल्या कामधंद्याच्या शोधातले, तिथे फार काही वेगळं सांगण्यासारखं नाही. इंग्लंडमध्ये तुरळक. हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, तर नाहीच म्हणा, त्यामुळे दुकानात 'एल्फिन्स्टन क्लॅनचं टार्टन' (घराण्याचं चौकड्यांचं कापड) दिसलं तर हायलँडमधल्या टोळ्यांचं चित्र डोळ्यांसमोर आणू नका, हे सखल प्रदेशातलं जमीनदार घराणं आहे.

आता भारत, म्हणजे तुमचा स्टेशन आणि कॉलेजचा प्रश्न. दोन वेगळी माणसं, नातं काका-पुतण्याचं. काका माउंटस्टुअर्ट, ११व्या लॉर्डचा चौथा मुलगा, १७७९ चा जन्म, पुण्याचा रेसिडेंट (पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी), १८१७ ला खडकीच्या लढाईच्या दिवशी ज्याची संगमावरची रेसिडेन्सी जळाली तो, आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. कॉलेज त्याच्या नावाचं. पुतण्या जॉन, १३वा लॉर्ड, १८५३ ते १८६० गव्हर्नर, म्हणजे १८५७ चा काळ त्याच्या कारकिर्दीत आला. रेल्वे स्टेशन त्याच्या नावाचं होतं. आणि १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना ज्याच्या हाताखालचं अख्खं सैन्य कापलं गेलं तो जनरल एल्फिन्स्टन, तो माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ.

एवढं दुर्मिळ आडनाव आणि एका पिढीत इतके लोक भारतात, हे कसं? याचं उत्तर आहे काका. माउंटस्टुअर्टचे स्वतःचे काका विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन हे ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर आणि पुढे अध्यक्षही झाले. कंपनीत नोकरी मिळायची ती डायरेक्टरच्या शिफारशीने, प्रत्येक डायरेक्टरच्या वाट्याला काही जागा यायच्या. स्कॉटलंडच्या जमीनदारांकडे पदवी होती, पैसा नव्हता, धाकट्या मुलांना द्यायला जमीनही नव्हती, मग ही पोरं पंधरा-सोळाव्या वर्षी जहाजावर चढायची. दुसरे एक काका जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन आरमारात, १७९५ ला दक्षिण आफ्रिकेतलं केप जिंकणाऱ्या मोहिमेतले ॲडमिरल. म्हणजे मोजकी माणसं, पण सगळी अशा जागी की त्यांची नावं पाट्यांवर लागणार.

आणि म्हणूनच तुम्हाला इथे एकही एल्फिन्स्टन भेटला नाही याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. माउंटस्टुअर्टने लग्न केलं नाही. जॉननेही नाही, मुंबईहून परतला आणि १८६० मध्येच गेला, पदवी चुलत घराकडे गेली. महाबळेश्वरचा पॉइंट, फोर्टातलं एल्फिन्स्टन सर्कल जे पुढे हॉर्निमन सर्कल झालं, कॉलेज, शाळा, स्टेशन, या सगळ्या पाट्या ज्या दोघांमुळे लागल्या त्या दोघांपासून हे आडनाव लावणारं एकही मूल पुढे आलं नाही. कॅनडात मॅनिटोबाला एल्फिन्स्टन आहे, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाला आहे, ओमानच्या मुसंदममध्ये खाडी आहे, इजिप्तजवळ लाल समुद्रात डायव्हिंगवाल्यांची प्रवाळरांग आहे. आडनावाचा नकाशा बघताना ही ठिकाणं बाजूला काढून ठेवा. पाटी जिथे लागते तिथे माणूस राहिलेला असतोच असं नाही, कधीकधी तो तिथे पाऊलसुद्धा टाकत नाही.

शोधायचं असेल तर काही गोष्टी अनुभवाने सांगतो. स्कॉटलंड्सपीपल या जुन्या सरकारी नोंदींच्या वेबसाइटवर शोधताना शेवटचा 'ई' असलेलं आणि नसलेलं दोन्ही टाका, मधे 'जी' घुसलेलं पण टाका, आणि पहिला 'एन' गळलेलंही. एकाच माणसाचं लग्न एका स्पेलिंगने आणि मृत्यू दुसऱ्या स्पेलिंगने नोंदलेला मी अनेकदा पाहिलाय. १८व्या शतकात जेम्स एल्फिन्स्टन नावाचे शिक्षक होऊन गेले, इंग्रजी शब्दकोशकार डॉ. जॉन्सनचे मित्र, त्यांनी आयुष्य इंग्रजी स्पेलिंग सुधारण्यात घालवलं आणि स्वतःचं आडनाव ते शेवटच्या 'ई'शिवाय लिहायचे. सरकारी नोंदणी १८५५ पासून, आणि त्या पहिल्या वर्षाचे दाखले अतिशय सविस्तर आहेत, ते मिळाले तर सोनंच. त्याआधी पॅरिश रजिस्टरं.

दुसरं म्हणजे मधलं नाव आणि आडनाव यांची गल्लत करू नका. स्कॉटिश लोक आईचं माहेरचं आडनाव मुलाला मधलं नाव म्हणून देतात, कधी जमीनदाराचं किंवा पाद्र्याचंही देतात. आणि इस्टेट मुलीकडून आली की जावई किंवा नातू तिचं नाव जोडून घेतो, म्हणून डॅलरिम्पल-हॉर्न-एल्फिन्स्टन अशी लांबलचक नावं तयार झाली. यादीत 'एल्फिन्स्टन' दिसलं म्हणजे बापाकडून आलेलं एल्फिन्स्टन, असं गृहीत धरलं की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आणि एकदा गावाला जाऊनच या. मी गेलो तेव्हा ट्रॅनेंटपर्यंत बसने आणि पुढे चालत गेलो होतो. हा सगळा कोळशाचा पट्टा, न्यूबॅटलच्या मठातले साधू १३व्या शतकापासून या भागात कोळसा काढायचे. जुना टॉवर गावाच्या पश्चिमेला होता, खालच्या खाणींमुळे जमीन खचली, भिंतींना तडे गेले आणि १९५५ मध्ये तो बराचसा पाडावा लागला, आता खालचा थोडा भाग उरलाय. तिथून जवळच कारबेरी टॉवर आहे. तो विल्यम फुलर्टनना, म्हणजे त्या कंपनीच्या डायरेक्टरना, बायकोच्या माहेरकडून मिळालेला, आणि पुढे त्यांच्याच नातवाकडे लॉर्ड ही पदवी आली. मूळ गाव हातातून गेल्यावर साडेतीनशे वर्षांनी घराणं फिरून त्याच गावाच्या शेजारी येऊन राहिलं. १६व्या लॉर्डची बायको ही राणी दुसऱ्या एलिझाबेथची सख्खी मावशी, त्यामुळे राणीची एल्फिन्स्टन मावसभावंडं इथेच वाढली. १९६१ मध्ये घराण्याने कारबेरी चर्चला देऊन टाकलं.

दोन्ही जागा एका दिवसात होतात. टेकाडावर वारा फार असतो, बूट चिखलात चालतील असे घाला, आणि हिवाळ्यात जाणार असाल तर सकाळीच निघा, दुपारी पावणेचारला सूर्य गेलेला असतो.